सरव्याची ओटी

आमच्या बुडीले चोर म्हणणारा अजून जन्मले यायचा आहे, असं मी परवापरवापर्यंत छाती ठोकून सांगत होती. आता नाही सांगत. तो जन्मलाही अन् चंद्रभान पाटलाच्या वावरात लोखंडी खांबावर जाऊन बसलाही. ना त्याले माय, ना बाप, खायले फक्त ऊन लागते.

बुडी म्हणजे माझी सासू, जाईबाई. तोंडावर मी तिले आत्याबाई म्हणते, पाठीमागं बुडी म्हणते, अन् तिले दोन्ही माहीत आहे. आमचं गाव दर्यापूरहून अकोटकडं जाताना लागते. जमीन काळीभोर, पण विहिरीचं पाणी असं खारट की त्यात डाळ शिजत नाही. कितीही गॅस जाळा, दाणा आपला टणकच. डाळीसाठी पाणी कॅननं आणावं लागते. आमच्या घरी वावर नाही. माझा नवरा प्रीतम अमरावतीले ऑटो चालवते, सणासुदीले घरी येते. मी इथं अंगणवाडीत मदतनीस. पोरगी दीक्षा अकोल्यात नोकरीले. अन् घरात वर्षभर जे वरण शिजते, ते बुडीच्या सरव्याचं.

सरवा म्हणजे काय, ते आजकाल सांगावं लागते. तूर सोंगून झाली, गंजी लागली, थ्रेशरमधून निघून पोत्यात गेली, की वावरात काय राहते? तडकून पडलेल्या शेंगा, मोडलेले शेंडे, भेगांत गेलेले दाणे. ते वेचायचे, अन् ज्याच्या घरी जमीन नाही त्या बायाईनं वेचायचे. पण कोणीही उठावं अन् घुसावं, असं नसते बाप्पा! मालक आवाज देत नाही तोवर बांधाच्या आत पाय टाकायचा नाही. अन् एकदा आवाज दिला की मालकानं मागं वळून पाहायचं नाही, कोणाच्या ओटीत किती गेलं ते. चंद्रभान पाटील थ्रेशर गेलं की स्वतः आमच्या वस्तीच्या तोंडाशी येत अन् ओरडत, "जाईबाई, वावर मोकळं झालं वो!" त्यांचे वडीलही तसंच ओरडत. बुडी लग्न होऊन या गावात आली तेव्हापासून तो आवाज ऐकत आली.

मग ती उठे, पदर कमरेले खोचून त्याची ओटी करे अन् पुढं निघे. मागं गोदाबाई, मागं वस्तीतल्या बाकी बाया. संध्याकाळी येई ते पोटुशी बाई चालावी तशी, दोन्ही हात ओटीखाली. रेशनचा तांदूळ ती घे, पण त्याचं तिले कौतुक नव्हतं. कौतुक या डाळीचं. पाहुणा आला की सांगायची, "खा, खा. हे दान नाही अन् उधार नाही. वावरानं देल्लं आहे." एवढ्या एका गोष्टीसाठी बुडीची मान ताठ राहायची. मी कधीमधी चिडवत असे, "आत्याबाई, पाटलाचं वावर तुमच्याच नावावर करून टाका आता." तर म्हणे, "सरव्यापुरतं आहेच वं."

आता बंडूचं सांगते. बंडू म्हणजे चंद्रभानभाऊंचा मुलगा. पोरगं वाईट नाही, हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर तुमी सगळं त्याच्यावर ढकलून मोकळे व्हाल. त्यानं अकोल्याच्या एका डाळ कंपनीशी करार केला. कंपनीचं सगळं एआयवर चालते. फवारा कधी मारायचा, सोंगणी कधी करायची, मोबाइल सांगते. ड्रोन येते, उभ्या तुरीचे फोटो काढते, अन् इतकी तूर निघेल असा आकडा काढून देते. मग काट्यावर तितकी भरली पाहिजे. भरली तर माल हिरवा. नाही भरली तर लाल, अन् पुढं लिहून येते ‘गळती’. लाल झाला की पुढच्या वर्षी करार राहीलच याची खात्री नाही. हिरव्या मालाच्या पाकिटावर एक काळा-पांढरा चौकोन छापतात. मुंबईतल्या बाईनं तो मोबाइलनं टिपला की तिले चंद्रभानभाऊ वावरात फेटा बांधून उभे दिसतात. भाऊंनी जन्मात कधी फेटा बांधला नाही, टोपी घालतात. फेटा कंपनीनंच आणला होता, अन् फोटो झाल्यावर परत नेला.

अन् मग आला खांब. वरती सोलरची पाटी, खाली कॅमेरा, त्याच्याखाली भोंगा. रोह्यांसाठी, म्हणजे नीलगायींसाठी, अन् रानडुकरांसाठी लावला होता, अन् खरं सांगते, कामाचा होता. रोही आली की वाघासारखा गुरगुरे, डुकरं आली की कुत्र्यासारखा भुंके. गावातली लेकरं अंगावर पोतं घेऊन, चार पायांवर रोही बनून जात, पण खांब काही फसत नव्हता. चंद्रभानभाऊ कौतुकानं म्हणत, "माह्या पोरापेक्षा याले जास्त समजते." बुडीही त्याले नावं ठेवत नव्हती. म्हणे, "रात्रभर जागते बिचारा."

दीक्षाची नोकरीही अशाच मशीनची. बी.एस्सी. झाली, घरी बसून पागल व्हायची वेळ आली होती, तेव्हा अकोल्यात एका ऑफिसात लागली. कॉम्प्युटरवर फोटो येतात. त्यातल्या गोष्टीभोवती चौकट काढायची अन् ते काय आहे ते सांगायचं. हे डुकर, ही रोही, हे माणूस. मशीन त्यावरून शिकते. फोटो कुठचे, कोणाचे, काही सांगत नाहीत, माणसाईचे चेहरे पुसलेले असतात. बुडी सगळ्या वस्तीले सांगे, "नात माही मशीनची मास्तरीण झाली." दिवाळीच्या आधी दीक्षाले ऑफिसात बक्षीस मिळालं, सगळ्यात कमी चुका केल्या म्हणून. तो फोटो मी अंगणवाडीत येणाऱ्या एकूणएक बाईले दाखवला. काहून नाही दाखवणार? आमच्या घरात बक्षीस पहिल्यांदाच आलं होतं.

यंदाच्या जानेवारीत पाटलाकडचं थ्रेशर गेलं. भाऊ आले, ओरडले, "जाईबाई, वावर मोकळं झालं वो!" बुडी बायाईले घेऊन गेली. मी अंगणवाडीत खिचडी वाढून राहिली होती. अंगणवाडी गावाच्या टोकाले, तिथून पाटलाचं वावर दिसते. अचानक भोंगा वाजला. गुरगुरणं नाही, भुंकणं नाही. एक बाई बोलली, अशी गोड, जशी टीव्हीवर साबण विकते.

"सावधान. आपण कॅमेऱ्यात दिसत आहात. शेतातील माल खाली ठेवा आणि शेताबाहेर जा."

बुडीनं वर पाहिलंच नाही. नंतर म्हणे, मले वाटलं डुकराले बोलून राहिला. ती वेचतच राहिली अन् खांब बोलतच राहिला. शेवटी गोदाबाईनं तिचा हात धरला. म्हणे, "जाईबाई, हा आपल्यालेच बोलून राहिला वो." 

त्या बाया बांधावर येईपर्यंत फोटो गावात पोचला होता. कंपनीच्या शेतकऱ्याईचा ग्रुप आहे, त्याच्यावर आपोआप आला. वाकलेली बुडी, तिच्या ओटीभोवती लाल चौकट, अन् खाली अक्षरं: ‘मालाची चोरी. खात्री सत्त्याण्णव टक्के.’ चेहरा स्पष्ट. ग्रुपवरून सगळ्याईच्या मोबाइलवर. मले तर एका पोराच्या आईनंच दाखवला, अन् दाखवताना विचारलं, "ह्या तुमच्याच सासूबाई न?" माझ्या अंगाचा जाळ झाला. पातेलं तसंच ठेवून मी निघाली.

पाटलाच्या अंगणात आमी दोघी गेलो, बुडी अन् मी. बुडीची ओटी अजून भरलेलीच होती, खाली करायचं तिले सुचलं नव्हतं.

"काहून गा बंडू," मी म्हटलं, "आवाज तुह्या बापानं देल्ला अन् चोर आमी?"

"वहिनी, तुमची शपथ, मी नाही टाकला फोटो. तो आपोआप जाते. मी कंपनीले फोन लावला, तर तिकडूनही मशीनच बोलून राहिली."

"अन् तुह्या बापाचा आवाज? तो नाही ऐकला तुह्या खांबानं?"

"त्याले आवाजाचं नाही समजत. मजूर म्हणून नोंद केली असली की समजते. नोंद नाही, माणूस वाकलेलं आहे, अन् ओटी भरली आहे, तर तो चोरीच म्हणते." मग त्यानं मोबाइल पुढं केला. "पाहा. माल लाल झाला आमचा."

चंद्रभानभाऊ बाजेवर बसले होते, टोपी काढून हातात घेतलेली. इतका मोठा माणूस, पण मले त्या वेळी त्यांची कीव आली. ते बंडूकडं पाहत नव्हते अन् आमच्याकडंही नाही. म्हणाले, "जाईबाई, माह्या वावरात माह्याच आवाजाले किंमत नाही राहिली. आता मी काय बोलू?"

आतून त्यांच्या घरच्या पार्वताबाई आल्या, हातात स्टीलचा मोठा डबा, काठोकाठ डाळ. "ने वो माय. वर्षाची पुरेल इतकी देते. मनात नको ठेवू."

त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. पण बुडीनं हात मागं घेतले. "पार्वताबाई, हे दान झालं," ती म्हणाली. "मले सरवा पाहिजे." अन् तिनं पदराची गाठ सोडली, ओटीतल्या शेंगा तिथंच अंगणात, तुळशीच्या ओट्याजवळ ओतल्या. मी तिले अडवायले गेली, पण ती ऐकणारी नव्हती.

रविवारी दीक्षा घरी आली. तिले आमी फोनवर काही सांगितलं नव्हतं. म्हटलं, पोरगी एकटी राहते, काहून तिच्या जिवाले घोर लावायचा. पण गावात पाय ठेवल्यावर कोणाचं तोंड धरता? घरात आली ते मोबाइल हातात घेऊनच. तो फोटो मोठा केला अन् भिंतीले पाठ लावून खाली बसली.

"आई," ती म्हणाली, "ही चौकट माह्या हातची आहे."

"कशी तुह्या हातची? तू तिथं अकोल्यात."

"तसं नाही वं. आमी ऑफिसात शिकवतो तीच मशीन या खांबात आहे, अशी चौकट मीच शिकवली त्याले." अन् मग एकेक सांगू लागली. तिच्या ऑफिसात शहरातल्या पोरी. वावरातल्या बायाईचे फोटो आले की त्याइले काही समजत नव्हतं. त्या अख्ख्या बाईभोवती चौकट काढत अन् ‘मजूर’ म्हणून सोडून देत. पदर असा फुगलेला दिसला तर त्यात माल आहे हे त्याइले कुठून माहीत असणार? ते दीक्षाले माहीत होतं. ती बरोबर ओटीभोवती चौकट काढे. "सर म्हणाले, व्वा, हे कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. मग मले सगळे तेच फोटो देऊ लागले."

"अन् ‘चोरी’ कोणं लिहिलं?"

तिनं मोबाइल पालथा ठेवला. मग म्हणाली, "दोनच पर्याय होते, आई. मजूर नाहीतर चोरी. मी सरांले म्हटलं, सर, आमच्याकडं सरवा वेचतात, हे चोर नाही. सर म्हणाले, त्या दिवशी मजुरीची नोंद आहे का? नाही न? मग उरलं काय? अन् फोटो कुठचेही असत. चेहरे पुसलेले. मले वाटलं, आपल्या गावचे थोडीच आहेत."

मी तिच्या पाठीत एक धपाटा घातला. चांगला जोरात घातला, अन् मग मीच रडायले लागली. बक्षीस कशाचं मिळालं होतं ते आता समजलं, अन् मी ते गावभर मिरवलं होतं.

बुडी चुलीजवळ बसली होती. "मारू नको वं तिले," ती म्हणाली. "पोटासाठी केलं तिनं." मग दीक्षाकडं पाहून म्हणे, "चांगली शिकवण देल्ली वं तूनं त्याले. नुसत्या ओटीवरून ओळखलं त्यानं मले." टोमणा नव्हता तो. खरंच तसं वाटून म्हणाली होती, अन् म्हणून पोरगी जास्तच हुंदके देऊ लागली.

जेवणं झाल्यावर बुडीनं तिले जवळ घेतलं. "तूनं शिकवलं न? मग आता हेही शिकव. सरवा काय असते ते सांग त्याले. मास्तरणीचं काम आहे ते." दीक्षा म्हणाली, सांगते आजी, उद्याच सांगते.

तिनं सांगितलंही. सरांच्या खनपटीले बसली. अन् सर चिडले नाहीत, उलट खूश झाले. वरच्या साहेबाईसोबत बसवलं तिले, चहा पाजला, अन् सगळं विचारून घेतलं. थ्रेशर गेल्यावर वावरात किती पडून राहते? कुठं जास्त पडते? बाया किती दिवस वेचतात? पोरीनं भाबडेपणानं सगळं सांगितलं. तिचा फोन आला तेव्हा मी तिचा आवाजच ओळखला नाही, इतकी आनंदात. "आई, झालं! ‘सरवा’ नावाचा पर्याय टाकला त्याईनं मशीनमध्ये!"

बुडीनं वस्तीभर सांगितलं. गोदाबाईले म्हणे, "माह्या नातीनं करून दाखवलं." त्या दिवशी आमच्या घरी गुळाची पोळी झाली.

अन् दोन-चार दिवसांत बंडू दारात. मान खाली. मोबाइल माझ्या हातात देला. त्याच्यावर वावराचा नकाशा, नकाशावर पिवळे ठिपके, अन् कंपनीचा मेसेज: ‘आपल्या शेतात अंदाजे एक पोते सरवा शिल्लक आहे. मजुरांची नोंद करून तो गोळा करून घ्यावा. आपला माल हिरवा होईल.’

मी तो मेसेज वाचला अन् मले समजेना की हसावं की कोणाचं तोंड फोडावं. आमच्या पोरीनं आमचा शब्द नेऊन देला होता, अन् त्याईनं शब्दासोबत सरवाच उचलला होता.

"वहिनी," बंडू म्हणाला, "मजुरीनं येता का तुमी लोक? बाबाईनं तर जेवणच सोडलं आहे कालपासून. पण करार हातचा गेला तर मी काय करू?"

"तोंड काळं कर इथून," मी म्हटलं.

"थांब गा बंडू," आतून बुडी बोलली. "येतो आमी."

"आत्याबाई!"

"दुसऱ्या गावच्या बाया आणतील मग. वावर तर वेचलं जाणारच आहे," ती म्हणाली. "माह्यासमोर तरी वेचलं जाऊ दे."

गेल्या. मीही अंगणवाडी सुटल्यावर गेली. या वेळी भाऊंनी आवाज दिला नव्हता. ते बांधावर बोरीखाली उभे होते, अन् वावरात पाहायचं नाही ही रीत तेवढी पाळत होते. बायाईनं पदराची ओटी केली, ओटीतलं पोत्यात ओतलं, परत ओटी, परत पोतं. काम संपलं, पोतं शिवलं, बंडूनं उचलून नेलं. बाया बांधाकडं निघाल्या. कमरेले पदर खोचलेलाच होता, दिवसभराच्या ओढीनं तो सैल होऊन फुगलेला. अन् वाजला न भोंगा!

"सावधान. शेतातील माल खाली ठेवा आणि शेताबाहेर जा."

बंडू तिकडून ओरडत आला, "अरे, नोंद आहे, नोंद आहे!" जसं काही खांब त्याचं ऐकणार होता. बाया घाबरून बांधावर चढल्या. बुडी मात्र फिरली. सरळ खांबाखाली गेली, वर तोंड केलं, अन् पदराची गाठ सोडली.

"घे! पाह्य!" ती अशी कडाडली की बोरीवरचे पोपट उडाले. "पाह्य, काय आहे माह्या ओटीत! डोये आहे न तुले? मग पाह्य!" पदराची दोन्ही टोकं धरून तिनं झाड झाड झटकला. धूळ उडाली, एक वाळकं पान पडलं. डोक्यावरचा पदर गेला, पांढरे केस वाऱ्यावर. माझ्या लग्नाले इतकी वर्षं झाली, मी तिले परपुरुषासमोर उघड्या डोक्यानं कधी पाहिली नव्हती. भाऊंनी बोरीकडं तोंड फिरवलं. मग गोदाबाई उतरली अन् तिनंही झटकला. मग बाकीच्याईनं. शिव्या देत देत झटकला.

अन् खांब गप झाला.

घरी येताना काय हसलो आमी! गोदाबाई त्या गोड आवाजाची नक्कल करे अन् बुडी तिले उत्तर दे. आमाले वाटलं, बुडीनं खांबाची जिरवली.

पदर झटकतानाचा खांबानं काढलेला फोटो दीक्षाकडं गेला. मशीनले असं काही पाहायची सवय नव्हती, तिले ठरवता येईना, अन् ठरवता नाही आलं की ती माणसाले विचारते. दीक्षासमोर आजी आली. चेहरा पुसलेला, पण निळं पातळ अन् उभं राहायची तऱ्हा तिले कळणार नाही का? मशीननं विचारलं, हे काय आहे? पोरीनं ‘ठीक’ दाबलं. मागच्या सगळ्या बायाईलेही ‘ठीक’. मग जेवणाच्या सुट्टीत मले फोन. "आजी सुटली, आई. आता तिच्यावर भोंगा नाही वाजणार." मी म्हटलं, बरं झालं बाई. देव मानत नाही आमी, नाहीतर त्या दिवशी नारळच फोडला असता.

हरभरा निघाला तोवर गावात आणखी खांब झाले होते. अन् हळूहळू आमच्या लक्षात आलं. बाई वावरातून निघाली अन् खांबासमोर पदर झटकला, की खांब गप. नाही झटकला, की भोंगा. कोणी नियम काढला नाही, दवंडी नाही, ग्रामपंचायतीत कागद नाही. पोरीनं ‘ठीक’ म्हटलं होतं, अन् ‘ठीक’ म्हणजे काय ते मशीन शिकून गेली. दर्यापूरच्या बाजारात दुसऱ्या गावच्या बाया भेटल्या, त्या एकमेकीले विचारत होत्या, "तुमच्याकडंही झटकतात का वो?" मजुरीले गेलेली बाई झटकते, नुसती भाकर द्यायले गेलेलीही झटकते. फोटो गावभर जाण्यापेक्षा झटकलेलं बरं, असं सगळ्याईले वाटते. दीक्षाले मी हे सांगितलं. आता तिचा फोन कमी येते.

बुडी वावरात जात नाही. मी दुकानातून डाळीचं पाकीट आणते, वरण करते, अन् ती वरणाची वाटी बाजूले सारून कोरडी भाकर खाते. मी भांडली, समजावलं, रडली. "पचत नाही मले," इतकंच म्हणते.

परवा तिच्या डोळ्याचे थेंब आणायले आमी दोघी दर्यापूरले गेलो होतो. परत येताना बस फाट्यावर सोडते, तिथून पायवाट पाटलाच्या बांधावरून जाते. मी पुढं, बुडी मागं. खांबाजवळ आलो. माझ्या एका हातात पिशवी, ती मी खाली ठेवली, पदर सोडला, दोन्ही टोकं धरून झटकला, कॅमेऱ्याकडं धरला, परत खोचला, अन् पिशवी उचलून चालू लागली. वावरात तर मी गेलीच नव्हती. हे सगळं करताना माझं बोलणं सुरूच होतं, दीक्षासाठी पोरगा पाहण्याबद्दल की कशाबद्दल, आता आठवत नाही.

मागून भोंगा वाजला. "सावधान. शेतातील माल खाली ठेवा..."

बुडी आपल्या चालीनं येऊन राहिली होती. पदर डोक्यावर, हात खाली. ती थांबली नाही, वर पाहिलं नाही. भोंगा वाजत होता, तिकडं वावरात बाया मान वर करून पाहू लागल्या होत्या, अन् माझ्या डोळ्यासमोर तो लाल चौकटीचा फोटो नाचू लागला.

"आत्याबाई!" मी ओरडली. "झटका न एकदाचा पदर! काय जाते तुमचं?"

बुडी तेव्हा थांबली. माझ्याकडं नीट पाहिलं.

"तुलेही शिकवलं का वं त्यानं?" ती म्हणाली, अन् माझ्या बाजूनं पुढं निघून गेली.